ठराव मंजूर झाला, बांगड्या मात्र फुटल्याच: एका सरपंचताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या ग्रामपंचायतीने 2022 च्या पावसाळ्यात विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. टाळ्या वाजल्या, पेपरात फोटो आला. मी नंतर सरपंच झाले. तेव्हापासून गावात सात कर्ते पुरुष गेले आणि सातही घरांत बायकोच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. ठरावाची आठवण करून दिली तर 'ताई, ही ठरावाची वेळ आहे का?' म्हणतात. आता संक्रांतीला सगळ्या बायकांचं हळदीकुंकू घ्यायचं मनात आहे. विधवा बायका येतील का? नेमकं काय करू?"

ताई, तुमच्या गावातली माणसं खोटं बोलत नाहीत. ती ठरावाची वेळ नसतेच. अंगणात तिरडी बांधणं चाललंय, माहेरची माणसं अजून वाटेत आहेत, आत रडारड, आणि तुम्ही शिक्का मारलेला कागद घेऊन दारात उभ्या. मी त्या घरातली असते तर मीही तुम्हाला बाजूला व्हा म्हटलं असतं. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात एकल बायकांबरोबर काम करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. ठराव दाखवल्यामुळे बांगड्या वाचल्या असं मी एकाही मैतीत पाहिलेलं नाही. वाचल्या त्या वेगळ्याच कारणांनी.

ठरावाला मी नावं ठेवत नाही. त्याच्याकडून किती मागायचं एवढंच आधी ठरवूया. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 ला तो पहिल्यांदा केला. शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी 6 मेला होती, त्याच आठवड्यात. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातलं माणगाव, म्हणजे शाहू महाराज-आंबेडकरांच्या 1920 च्या परिषदेचं माणगाव. 17 मेला ग्रामविकास विभागाचं परिपत्रक निघालं की सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा. या सगळ्यामागे खटपट होती करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची. कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी स्वतःसाठी केलेली एक गोष्ट मला ठरावापेक्षा मोठी वाटते. त्यांनी स्टँप पेपरवर लिहून दिलं की माझ्यामागे माझ्या बायकोवर ही प्रथा लादू नये.

गावोगाव उचलला गेला तो ठराव. स्टँप पेपर फारसा कोणी उचलला नाही. ठरावाला हात वर करताना आपण दुसऱ्याच्या घराबद्दल बोलत असतो. स्टँप पेपरवर सही करताना आपल्या मरणाबद्दल लिहावं लागतं, आणि बायको शेजारी बसलेली असते.

कायद्याचंही स्पष्ट करते, कारण तुम्हाला कोणीतरी विचारणारच. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. बांगड्या फोडल्या म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे बसत नाही. एक कायदा मात्र उपयोगी पडतो. कुंकू ठेवलं म्हणून त्या घराला भावकीने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकलं, तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागतो, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मी तो आजवर दोनदाच तोंडी काढला. दोन्ही वेळा नुसता उल्लेख पुरला.

आता माणूस गेल्यापासून तिरडी उठेपर्यंतच्या त्या तीन-चार तासांबद्दल.

कृष्णाकाठच्या एका गावातली गोष्ट, 2009 ची. ट्रॅक्टर उलटून सव्वीस वर्षांच्या बाईचा नवरा गेला. तिला सातवा महिना होता. आम्ही पोचलो तेव्हा काकणं फुटली होती, डोरलं तोडलं होतं, राहिली होती जोडवी. दिवस गेलेले, पावलं सुजलेली, जोडवी बोटात रुतली होती. साबण झाला, तेल झालं. शेवटी कोणीतरी त्याच ट्रॅक्टरच्या डब्यातली पक्कड आणली. मी दाराशी उभी होते, आणि खरं सांगते, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दोन वर्षं महिला मेळाव्यांत भाषणं ठोकणारी मी. कोपऱ्यात सासू बसली होती. स्वतः विधवा, पोरगा गेलेला, सकाळपासून एक अक्षर बोललेली नव्हती. ती पक्कड बघून म्हणाली, "राहू द्या ते. माझी काढताना बोट फाटलं होतं." बस. पक्कड ज्याने आणली तोच ती घेऊन गेला. जोडवी पायात राहिली.

सहा महिन्यांनी मी म्हातारीला विचारलं की तुम्हाला तेव्हा काय वाटलं. मला वाटलं होतं ती काहीतरी मोठं बोलेल. तिने आपला पाय पुढे केला आणि अंगठ्याशेजारच्या बोटावरचा व्रण दाखवला.

ही गोष्ट मी तुमच्या काळजाला हात घालावा म्हणून सांगत नाही. त्या वेळी शब्द कोणाचा चालतो ते बघा. सरपंचाचा नाही, पोलीसपाटलाचा नाही, माझ्यासारखीचा तर नाहीच. चालतो तो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या विधवेचा. आणि आमच्या पट्ट्यात बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला पुढे होणारे हातही बहुतेक विधवेचेच असतात, कारण सवाष्णीने ते करू नये असं मानतात. म्हणजे करायचं तिने आणि थांबवायचंही तिनेच. तिच्याशी आपण कधी बोललेलोच नसतो. आपण बोलतो तरुण मंडळाशी, बचतगटाशी, शाळेतल्या मुलांशी. तिला सभेला बोलावलं तरी ती मागे भिंतीला टेकून बसते.

म्हणून माझी रीत अशी. गावात मैत नसते तेव्हा, निवांत दिवसांत, प्रत्येक गल्लीतल्या दोन-तीन वयस्कर विधवांकडे जाऊन बसायचं. प्रथेचं नाव काढायचं नाही. "मावशी, तुमच्या वेळी काय झालं होतं?" एवढंच विचारायचं. पहिल्या भेटीत "आता काय सांगायचं" म्हणतील. तिसऱ्या भेटीत सांगतील, आणि एकदा सांगायला लागल्या की थांबत नाहीत. कोणाला चौदाव्या वर्षी पांढरं कपाळ आलेलं असतं. कोणाला दहाव्याला नदीवर नेऊन ओल्या लुगड्यात बसवलेलं असतं. यातली एखादी आपणहून म्हणते, "मी आता कोणाचं करायला जाणार नाही." तिला शाबासकी देऊ नका, सत्कार करू नका. तिचा फोन नंबर घ्या. नसेल तर नातवाचा घ्या.

असे पाच नंबर तुमच्याकडे हवेत. शिवाय तुमच्याकडे विधी करायला जे येतात, भटजी असोत, जंगम असोत की भावकीतला जाणता माणूस, त्यांचा एक. त्यांच्याशीही आधी बोलून ठेवा. बरेच जण सांगतात की हे आमच्या विधीत नाहीच, बायका बायका करतात. मग त्यांना एकच विनंती करायची: हे वाक्य तिथे, त्या वेळी, मोठ्याने म्हणा. आणि तुमच्याकडे काकणं फुटतात कधी ते माहीत करून घ्या. कुठे तिरडी उचलण्याआधी, कुठे सावडायच्या दिवशी, कुठे दहाव्याला. दहाव्याला असेल तर तुमच्या हातात नऊ दिवस आहेत. तिरडीआधी असेल तर एक तास, आणि मग फोन गेला पाहिजे तो म्हातारीला, ग्रामसेवकाला नव्हे.

माहेरची माणसं विसरू नका. सासरचे तयार असताना भाऊच अडून बसलेले मी पाहिलेत. "आमच्या बहिणीला उद्या कोणी बोललं तर?" ही त्यांची भीती असते, आणि ती खोटी नाही.

"हे पूर्वापार चालत आलंय" असं कोणी म्हटलं की मी वाद घालत नाही, त्यांच्याच पणजीची चौकशी करते. शेतकरी जातींत दोन-तीन पिढ्यांमागे पाट लावायची चाल होती. नवरा गेला तर बाई दुसरा संसार मांडायची, कुठे त्याला म्होतूर म्हणायचे. केशवपन, अंधारी खोली, लाल आलवण म्हणजे विधवेचं लाल लुगडं, ही मुळात उच्चवर्णीय घरांतली रीत. जोतिराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते तिथल्या ब्राह्मण विधवांसाठी. पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन 1889 चं. महर्षी कर्व्यांनी 1893 मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलं, तर मुरुडात, त्यांच्या गावी, त्यांच्या घरावर बहिष्कार पडला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला. आणि गंमत बघा, एकीकडे ब्राह्मण घरांतून हे सगळं सुटत गेलं, दुसरीकडे चार पैसे आलेल्या आमच्या घरांनी पाट लावणं कमीपणाचं ठरवलं आणि पांढरं कपाळ इभ्रतीचं. एका गावात मी एवढंच विचारलं, "तुमच्या घराण्यात पाटाची बाई कोण होती?" सभा शांत झाली. मग एक आजोबा हसून म्हणाले, "माझी आईच की." पुढची चर्चा मला करावीच लागली नाही.

माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही "विधवा सन्मान सोहळा" घेतला. मंडप, हार, माइक, पाहुणे. चाळीस बायकांना ओळीने खुर्च्यांवर बसवलं, आणि मी एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत सुटले. टाळ्या पडत होत्या. तिसऱ्या की चौथ्या बाईने मान किंचित मागे घेतली. मला कळलं होतं. पण हात थांबला नाही, फोटोवाला समोर होता. दुसऱ्या दिवशी तिचा दीर तिला भर चौकात काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. कुंकू पुसण्याआधी तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि लावण्याआधी मीही विचारलं नाही.

तेव्हापासून "सन्मान" शब्द आमच्या कार्यक्रमांतून गेला. चाळीस विधवांना वेगळं काढून, रांगेत बसवून त्यांना आमच्यातल्याच म्हणायचं, यात काहीतरी उलटं आहे. 2023 मध्ये "विधवा" ऐवजी "गंगा भागीरथी" म्हणावं असा प्रस्ताव सरकारदरबारी आला तेव्हा राज्यभर टीका झाली, आणि ती रास्त होती. बाईला नवीन बिरुद नको असतं. भाचीच्या डोहाळजेवणाला ओटी भरायला तिचं नाव घेतलं जावं, घरात आरतीचं ताट तिच्या हातात यावं, नातवाला ओवाळायला तिने पुढे व्हावं आणि कोणी चुळबुळ करू नये, एवढं हवं असतं. आपली भाषाच बघा. सवाष्णीची बांगडी पिचली तर आपण "वाढवली" म्हणतो. विधवेची फुटते. पत्रिकेत एकीला "सौ.", दुसरीला "श्रीमती", म्हणजे जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे हिचा नवरा आहे की नाही. ग्रामपंचायतीच्या निमंत्रणपत्रांतून तुम्ही हे सौ.-श्रीमती आजपासून काढू शकता. पैसे लागत नाहीत, ठरावही लागत नाही.

काही बायका मात्र म्हणतील, नको मला कुंकू, माझं मन होत नाही. तिथे हात जोडायचे आणि गप्प बसायचं. काही जणींना काळी टिकली चालते, लाल नको असते. एक बाई मला म्हणाली, हिरव्या बांगड्या त्यांच्यासाठी होत्या, आता मी माझ्या आवडीच्या निळ्या घालते. कासारणीकडून तिने त्या स्वतः भरून घेतल्या. त्यावर कोणी चर्चा करावी असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत ते. काकणं वाचली आणि सातबाऱ्यावर नाव लागलं नाही, तर काहीच वाचलं नाही. बांगडीवरून भांडणारी भावकी खरी भांडत असते जमिनीवरून. पांढऱ्या कपाळाची, कोपऱ्यात बसलेली बाई हिस्सा मागत नाही. प्रथा टिकून आहे त्यात याचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांचा वाटा सारखा. बायकोने पुढे दुसरं लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा परत जात नाही. हे गावात दहापैकी आठ जणांना माहीत नसतं, आणि ज्या दोघांना असतं ते सांगत नाहीत. वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. आता ऑनलाइनही अर्ज करता येतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण उशिरात कागद फिरतात. आमच्याकडे नेहमीचा प्रकार म्हणजे बाराव्याच्या आसपास दीर म्हणतो, "वहिनी, इथं सही करा, नोंदीचं आहे," आणि ते हक्कसोडपत्र निघतं. रजिस्ट्री न केलेल्या हक्कसोडपत्राने जमिनीतला हक्क जात नाही, पण बाईला ते कोण सांगणार? तुमच्या अंगणवाडीताईंना, आशाताईंना एक वाक्य पाठ करायला लावा: "तेरा दिवसांत कुठल्याही कागदावर सही करायची नाही, अंगठाही नाही." आमचं निम्मं काम या एका वाक्याने झालंय.

घराचं म्हणाल तर नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत, नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याची मोहीम तुमच्याच हातात आहे, आणि ती नवरे जिवंत असताना करायची. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली होती. त्या पिढीतला कोणी तुमच्या गावात असेल तर त्याला महिला सभेत बोलवा. आणि तो झिंजाडेंचा स्टँप पेपर त्याच दिवशी पुढे ठेवा. पहिली सही तुमच्या यजमानांची हवी. ते तयार नसतील तर मोहीम थोडी थांबवा, आधी घरचं बघा. मी चेष्टा करत नाही.

योजनांचं थोडक्यात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 रुपये एकदा मिळतात. संजय गांधी निराधारचे महिना 1,500. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तिथेच बायका अडकतात. तहसीलला एकटीला पाठवू नका. ज्या बाईला हे मिळालंय तिला बरोबर द्या. मृत्यूचा दाखला तर ग्रामपंचायतीतूनच निघतो, त्यासाठी विधवेला तीन खेटे घालायला लागू नयेत एवढं तुम्ही नक्कीच बघू शकता. ग्रामपंचायतीचा दहा टक्के महिला-बालकल्याण निधी असतोच. तो शिलाई मशीन वाटण्यात घालवण्याआधी या बायकांना विचारा. एका गावात त्यांनी बसभाडं मागितलं, तालुक्याला खेपा घालण्यासाठी.

मग हळदीकुंकू. घ्या, जरूर घ्या. येतील का म्हणता? पहिल्या वर्षी थोड्या येतील, त्याही उशिरा, आणि दारातच बसतील. विधवा आल्या म्हणून दोन सवाष्णी उठून जातील. जाऊ द्या, त्यांना नावं ठेवू नका, पुढच्या वर्षी त्यांनाच बोलवायचंय. आमच्या एका गावात पहिल्या वर्षी नऊ विधवा आल्या, त्यातल्या सात दलित वस्तीवरच्या. त्या दिवशी आणखी एक गाठ सुटली. मराठा आळीतल्या हळदीकुंकवाला वस्तीवरच्या बायकांना, सवाष्ण असोत की नसोत, आजवर कोणी बोलावलंच नव्हतं. आम्ही विधवांसाठी दार उघडायला गेलो, तेव्हा दुसरं बंद दार दिसलं. तुमच्या यादीत ती आळी आहे का, तेवढं बघा. आणि नवऱ्याने टाकलेल्या, काडीमोड झालेल्या, लग्नच न केलेल्या? त्या विधवांइतक्याच दाराबाहेर असतात, फक्त त्यांच्यासाठी अजून ठराव निघालेला नाही.

कार्यक्रमाचं नाव "विधवांचं हळदीकुंकू" ठेवू नका. फळ्यावर लिहा, "संक्रांतीचं तिळगूळ, गावातल्या सगळ्या बायकांसाठी." आमंत्रण द्यायला दोघी जा, एक सवाष्ण, एक विधवा. करंडा मधे ठेवायचा, जिला लावून घ्यायचं ती बोट पुढे करील, नको असेल ती हळद घेईल, तेही नको तर तिळगूळ. लावणाऱ्या दोघी असाव्यात आणि त्यातली एक ती मावशी, जिचा नंबर तुम्ही घेऊन ठेवलाय. भाषण नको. फार तर उखाणे ठेवा, पण नवऱ्याच्या नावाची सक्ती नको. लेकीचं नाव घालून घेतलेला उखाणा मी ऐकलाय, सगळ्यात जास्त हशा त्यालाच पडला.

वाणाला बचतगटातल्या बायका कुंकवाची डबी सुचवतील, स्वस्त पडते म्हणून. देऊ नका. स्टीलची वाटी द्या, आणि ग्रामपंचायतीचं नाव खोदायचं असेल तर खालच्या बाजूला खोदा.